टोनी चू जेवतो कुणाबरोबर? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘च्यू’ या कॉमिक मालिकेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी चार-पाच वेळा वाचली. तुम्ही पहिले दोन खंड मिळवलेत, वाचलेत आणि मग रागावलात. अशा रागाला दोन ओळींत वाटेला लावणं मला बरं वाटेना, म्हणून हे लांबलचक उत्तर.

तुमचे आक्षेप तीन आहेत. प्रेताचा लचका तोडला की खुनी कोण ते आपोआप कळतं, मग यात शोध कसला? बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांमधल्या झुंजारवर आणि काळ्या पहाडावर वाढलेल्या वाचकाला ही फसवणूक वाटते. दुसरा आक्षेप असा, की माणसाच्या मांसावर विनोद करणं ही विकृती आहे आणि मी तिला ‘काळा विनोद’ असं गोंडस नाव दिलंय. तिसरा, बर्ड फ्लूमुळे कोंबडी खाण्यावर बंदी आणि त्यासाठी बंदुका घेऊन धाडी घालणारे अधिकारी ही निव्वळ पोरकट कल्पना आहे.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी दोन शब्द. जॉन लेमननं लिहिलेली आणि रॉब गिलरीनं चितारलेली ही मालिका अमेरिकेत इमेज कॉमिक्सनं २००९ मध्ये सुरू केली आणि २०१६ मध्ये ६० अंकांवर ठरवून संपवली. नायक टोनी चू हा फिलाडेल्फियाचा पोलीस. त्याच्या जिभेला एक विलक्षण शक्ती आहे. तो जे खातो त्याचा सगळा भूतकाळ त्याला दिसतो. सफरचंद खाल्लं तर ते कुठल्या झाडाचं, कुठलं औषध फवारलेलं, कधी तोडलेलं ते दिसतं. मांस खाल्लं तर कत्तलखाना दिसतो. फक्त बीट खाल्लं की काहीच दिसत नाही. म्हणून टोनी घरी बीट खातो.

आता पहिल्या आक्षेपाकडे येतो. तुम्ही पहिला अंक वाचलाय, तरी त्यातला सूपाचा प्रसंग पुन्हा डोळ्यांपुढे आणा. टोनी आणि त्याचा जोडीदार कोल्बी चोरून कोंबडी खाऊ घालणाऱ्या एका गुत्त्यात बसलेत. दारूबंदीच्या काळात जसे दारूचे गुत्ते असत, तसा हा कोंबडीचा. टोनी सूपाचा एक घोट घेतो. कोंबडीचं जे दिसायचं ते त्याला दिसतंच, पण सूप करताना आचाऱ्याचं बोट कापलेलं असतं आणि रक्ताचा थेंब त्या भांड्यात पडलेला असतो. त्या थेंबाबरोबर आचाऱ्यानं आजवर केलेले खून टोनीच्या डोक्यात शिरतात. एकामागून एक चेहरे. त्यानं हे मागितलेलं नसतं. तो तिथं वेगळ्याच कामाला आलेला असतो.

पुढे पाठलाग होतो, कोल्बीच्या तोंडावर सुरा बसतो आणि आचारी जीव देतो. बळींची नावं त्याच्याबरोबर गेली असती. ती मिळवण्याचा एकच मार्ग टोनीपुढे उरतो आणि तो त्या मार्गानं जातो. बाकीचे पोलीस आत येतात तेव्हा काय दृश्य असतं ते तुम्हाला आठवत असेलच. टोनीचं पोलीस खातं सुटतं.

तुम्ही या प्रसंगाला आयतं उत्तर म्हणता. मला त्यात आजवर वाचलेल्या रहस्यकथांमधला सगळ्यात महागडा पुरावा दिसतो. झुंजार वेषांतर करतो, जिवावर उदार होतो, पण कथा संपली की कपडे झटकून माणसांत परत येतो. टोनीला ती सोय नाही. त्याला जे कळतं ते पोटात जातं आणि तिथंच राहतं. प्रत्येक गुन्ह्याच्या वेळी तोंड उघडायचं की नाही हे त्याला ठरवावं लागतं. ‘खुनी कोण’पेक्षा मला तोच प्रश्न जास्त बांधून ठेवतो. शिवाय घासातून त्याला काय घडलं ते कळतं, का घडलं ते कळत नाही. मालिकेतला सगळ्यात मोठा प्रश्न, म्हणजे तो बर्ड फ्लू खरा होता की सरकारनं काही दडवलं, हा नुसता चावून सुटत नाही. त्याचा गुरू मेसन सॅव्हॉय याच्याकडेही तीच शक्ती आहे, तरी त्याच प्रश्नापायी दोघे समोरासमोर उभे राहतात. दोन माणसांना सारखंच दिसू शकतं आणि दोघांच्या वाटा मात्र फुटतात. हा शोध नाही तर काय आहे?

आता तिसरा आक्षेप, कारण तो मला सगळ्यात जास्त लागला.

मी मूळचा नंदुरबार जिल्ह्यातला. २००६ च्या फेब्रुवारीत भारतातला पहिला बर्ड फ्लू आमच्याच नवापूरला सापडला. मी तेव्हा नववीत होतो. नवापूर म्हणजे गुजरातच्या सीमेवरचं गाव आणि आजूबाजूला पोल्ट्रीच पोल्ट्री. माझ्या मामाचीही तिथं एक शेड होती, फार मोठी नाही. पांढरे अंगरखे, तोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मे घातलेली माणसं आली. जेसीबीनं खड्डे खणले गेले. त्या काही दिवसांत त्या भागातल्या लाखो कोंबड्या मारून पुरल्या. त्यात मामाच्याही गेल्या. संध्याकाळी मामा आमच्याकडे आला तेव्हा त्यानं दोनदा साबण लावून हात धुतले, तरी हाताचा चुन्याचा वास जात नव्हता. आईनं पिठलं-भाकरी वाढली. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि तसाच ताटात ठेवून दिला.

रेल्वेनं आणि विमानात कोंबडी देणं बंद केलं. नीट शिजवलेल्या कोंबडीतून हा रोग होत नाही, ७० अंशांवर विषाणू मरतो, असं डॉक्टर घसा फोडून सांगत होते. ऐकणारं कुणी नव्हतं. कोंबडीचे भाव मातीला मिळाले. लोकांची भीती जावी म्हणून पोल्ट्रीवाल्यांनी ठिकठिकाणी फुकट चिकनच्या पंगती घातल्या. एका रोगानं माणसाचं ताट एका रात्रीत कसं बदलतं हे मी स्वतः पाहिलंय. लेमनच्या गोष्टीत त्या रोगानं २ कोटी ३० लाख अमेरिकन मरतात आणि मग बंदी येते. आकडा कल्पनेतला आहे. ती भीती मात्र मला ओळखीची आहे.

आणि अधिकाऱ्यांच्या धाडींचं म्हणाल, तर मालिकेत त्या घालते एफडीए, आणि पोलीस खातं सुटल्यावर टोनीही तिथंच जातो. हे एफडीए नाव आपल्याकडे काय कमी ऐकू येतं? अन्न व औषध प्रशासनानं दिवाळीच्या तोंडावर भेसळीचा खवा पकडला, गुटख्याचा ट्रक धरला, या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला. पुढच्या वर्षी मे महिन्यात उच्च न्यायालयानं बंदी कायम ठेवली, पण परराज्यातून आणलेलं असं मांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं, कारण घरात बसून काय खायचं ही माणसाची खासगी बाब आहे. त्या कायद्याबद्दल तुमचं मत काहीही असो, सरकार आणि ताट यांच्यामधलं अंतर किती कमी आहे हे आपण न्यायालयाच्या निकालात वाचलंय. लेमननं ते अंतर पुसून टाकलं, एवढंच.

आता विनोद. मामाची आठवण निघालीच आहे, तर आणखी एक सांगतो. त्या महिन्यात गावात बर्ड फ्लूवर सगळ्यात जास्त विनोद कोण करत होतं? मामाच. ‘आजवर कोंबड्या मला घाबरायच्या, आता गिऱ्हाईक कोंबड्यांना घाबरतं,’ हे त्याचं वाक्य. पारावर तो हे सांगायचा आणि स्वतःच आधी हसायचा. त्याला विकृत म्हणायची कुणाची छाती झाली नसती, कारण तो कशावर हसतोय ते सगळ्यांना माहीत होतं.

गिलरीच्या चित्रांतलं हसू मला याच जातीचं वाटतं. त्याची माणसं वाकडीतिकडी असतात, कुणाचे खांदे भिंतीएवढे, कुणाची हनुवटी गळ्यात बुडालेली. मागच्या भिंतीवरच्या पाट्या, चिठ्ठ्या, पाकिटांवरची नावं यांत तो बारीक बारीक गमती भरून ठेवतो. हेच प्रसंग जर हुबेहूब, फोटोसारखे काढले असते तर पहिला अंक मी मिटून ठेवला असता, आणि तुम्हीही. चित्र हसवतं म्हणून आपण डोळे उघडे ठेवतो आणि मग टोनीच्या तोंडावरचा भाव दिसतो. तो बिचारा कधीच हसत नसतो. अख्खं पान गमतीनं भरलेलं आणि मधोमध हा एक माणूस मळमळ दाबत उभा. ज्याच्या जिवावर बेतलंय त्याची थट्टा लेखक-चित्रकारांनी केलेली मला तरी दिसली नाही.

तुम्ही केली नाहीत अशी एक तक्रार मात्र मीच करतो, कारण मूळ लेखात मी ती टाळली आणि ते चुकलं. (पुढचे खंड वाचणार असाल तर हा परिच्छेद सोडा.) टोनीची जुळी बहीण टोनी, स्पेलिंग वेगळं, उच्चार तोच, ही माझ्या मते या मालिकेतली सगळ्यात जिवंत व्यक्ती. भावाला भूतकाळ दिसतो, तर ती ज्याला चावेल त्याचं भविष्य तिला दिसतं. आणि सगळं दिसत असूनही ती खळखळून हसते. अठराव्या अंकानंतर प्रकाशकांनी २०११ मध्ये मुद्दाम सत्ताविसावा अंक आधी काढला होता. भविष्य पाहणाऱ्या बहिणीच्या पर्वातला अंक वाचकांच्या हाती भविष्यातून यावा, ही मला फार आवडलेली युक्ती. पण मालिकेच्या बरोबर मध्यावर, तिसाव्या अंकात, ती मारली जाते आणि तिचं मरण पुढे भावाच्या सूडाचं इंधन होतं. पुरुष नायकाला पेटवायला बाईला मारायचं, ही जुनी खोड आहे आणि इतक्या कल्पक लेखकानं ती टाळायला हवी होती. तरी तिनं जाण्याआधी भावासाठी मागे ठेवलेली वस्तू, स्वतःच्या पायाचं बोट, मला अजून विसरता येत नाही. तुमच्या लेखी हा किळसवाणेपणाचा कळस ठरेल. पण मेलेल्या बहिणीशी बोलायचा त्याच्यापुढे दुसरा मार्ग नाही आणि तिनं तो आधीच ओळखून ठेवलाय. ज्या चावण्याचा त्याला जन्मभर तिटकारा, तेच चावणं इथं माया होऊन येतं. दुसऱ्या खंडावर थांबलात तर हे हाती लागत नाही, एवढंच माझं तुमच्याशी भांडण आहे.

मागच्या दिवाळीत मामा आमच्याकडे आला होता. त्याला इंग्रजी येत नाही, म्हणून पहिला अंक मी त्याला चौकटी दाखवत मराठीत सांगत गेलो. सूपाच्या प्रसंगाला तो हसला नाही. २००६ नंतर तीन-चार वर्षं त्यानं कोंबडीला तोंड लावलं नव्हतं. रोगाची भीती नव्हती. ‘घास घेतला की शेड दिसते,’ असं तो मामीला म्हणायचा. मी बीटाच्या चौकटीपाशी आलो तेव्हा त्यानं पान धरून ठेवलं आणि विचारलं, ‘मग हा जेवतो कुणाबरोबर?’

मी त्याला अमेलिया मिंट्झबद्दल सांगितलं. ती वर्तमानपत्रात खाण्यावर लिहिते आणि तिनं लिहिलेलं वाचलं की वाचणाऱ्याच्या जिभेवर ती चव हुबेहूब उतरते. तिच्या शब्दांतून टोनीला आयुष्यात पहिल्यांदा नुसती चव मिळते, मागची कत्तल दिसत नाही, आणि तो तिच्या प्रेमात पडतो. मामानं चष्मा पुसला आणि म्हणाला, ‘ते दाखव.’ मग आम्ही तिच्या पानांपर्यंत गेलो.