दारावरची कानडी अक्षरं

गेले तीन आठवडे मी इंग्लंडात, लीड्समध्ये बसून बेळगाव जिल्ह्यातल्या, कर्नाटकात असलेल्या खानापूर तालुक्यातल्या एका हस्तलिखितावरून भांडते आहे. नवरा म्हणतो, सोड आता. सुटत नाही.

झालं ते असं. आमच्या गावच्या वाचनालयात दरवर्षी २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, शाळकरी मुलांचं हस्तलिखित निघतं. यंदा दहावीतल्या चार मुलींनी मिळून त्यात एक भयकथा लिहिली. तेवीस पानं, निळी शाई, चौघींची चार अक्षरं, मधे मधे खाडाखोड. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या कौलाच्या भट्टीत काहीतरी राहायला आलंय आणि रात्री ते मुलींना त्यांच्या आईच्या आवाजात हाक मारतं. जी ओ देते ती सकाळी अंथरुणात नसते. मोठ्यांना सांगून उपयोग नाही, ते म्हणतात पळून गेली असेल कुणाबरोबर. शेवटी चौघीजणी त्याच्या मागे लागतात. एक कुंभाराची, एक गवळीवाड्यावरची, एक मुसलमानाची आणि एक कानडी मास्तरांची. त्यांच्या ध्यानात येतं, की ज्या भाषेत हाक आली त्याच भाषेत ओ मिळाली तरच त्याला वाट दिसते. मग ठरतं, मराठी हाक आली की कानडी मुलीनं ओ द्यायची, कानडी आली की कुंभाराच्या मुलीनं, उर्दू आली की गवळ्याच्या. ते गोंधळतं, उजेडात येतं, आणि चौघी मिळून त्याला परत भट्टीत ढकलून भट्टी पेटवतात.

मी हे फोनवर, पानांचे फोटो मोठे करकरून वाचलं. रात्री दीड वाजता. वाचून झाल्यावर मागच्या दाराची कडी बघून आले.

अंक प्रकाशनाच्या आदल्या दिवशी ही तेवीस पानं काढून ठेवली गेली. दोन कारणं गावच्या ग्रुपवर कळवण्यात आली. एक, मुलींच्या वयाला असलं वाचन-लेखन बरं नव्हे, मन हळवं होतं, अभ्यासावर परिणाम होतो. दोन, मराठी दिनाच्या अंकात कानडी संवाद कशासाठी? हे दुसरं कारण ज्यांनी लिहिलं ते माझे सर आहेत. मला निबंध लिहायला त्यांनीच शिकवलं. म्हणून जास्त लागलं.

पहिल्या कारणाबद्दल आधी बोलते.

माझी लेक इयर नाइनमध्ये, म्हणजे तेरा-चौदा वर्षांची आहे. हाफ टर्मच्या सुट्टीला लायब्ररीतून सहा पुस्तकं आणली, त्यातली चार भीतीची. त्या शेल्फपुढे उभी राहून मी मागचा मजकूर वाचत बसते. बहुतेकांचा साचा एकच: एक गाव, एक जुनी शाळा किंवा कॅम्प, मुली गायब होताहेत, पोलीस आणि आईबाप ऐकून घेत नाहीत, आणि मग ज्या मुली एरवी एकमेकींकडे बघतही नाहीत त्या एकत्र येतात. या मुलींना मोठ्यांकडून मदत मिळत नाही, हा या गोष्टींचा कणा. कॅरल क्लोव्हर नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८७ मध्ये एका निबंधात ‘फायनल गर्ल’ हा शब्द आणला. त्या काळच्या भयपटांत सगळे मरायचे आणि शेवटी एक मुलगी उरायची, ती एकटीच त्या खुन्याला सामोरी जायची, तिला हे नाव. आताच्या पुस्तकांतल्या मुली एकेकट्या उरायला तयार नाहीत. लेकीला मी विचारलं तर म्हणाली, एकटी उरून काय करायचं, बोलायलासुद्धा कुणी नाही.

लायब्ररीयन बाईंनी तिला एकदाही विचारलं नाही, की हे तुझ्या वयाला योग्य आहे का. त्यांनी विचारलं, पुढचा भाग राखून ठेवू का? हा फरक मी लिहिला तर ग्रुपवर लगेच आलं, ‘परदेशात बसून आम्हाला शहाणपण नको.’ ठीक आहे. इथल्या लायब्रऱ्यांचे तास कमी झालेत, कितीतरी बंद पडल्यात, तेही मला दिसतं. खरं म्हणजे तो मुद्दाच नव्हे. मुद्दा असा की पंधरा वर्षांच्या मुलीनं तेवीस पानं लिहिली, तर तिला पुढचं विचारायचं की पानं काढून कपाटात ठेवायची?

आणि भीतीची गोष्ट मुलींना झेपत नाही म्हणणाऱ्यांनी एवढं तरी माहीत करून घ्यावं, की ज्या कादंबरीला साऱ्या जगात भयकथेची आई मानतात ती, ‘फ्रँकेन्स्टाईन’, मेरी शेलीनं १८१६ च्या उन्हाळ्यात लिहायला घेतली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. १८१८ मध्ये पुस्तक छापलं ते तिचं नाव न घालता. आमच्या मुलींनी तेवीस पानांखाली चौघींची नावं घातली होती, वर्गाच्या तुकडीसकट. तेवढ्यात तरी आपण दोनशे वर्षं पुढे आलो म्हणायचं.

हे फिरंगी खूळ आहे असंही कुणीतरी लिहिलं. मग नवरात्रात आपण काय ऐकतो? रक्तबीजाच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की तेवढाच दुसरा राक्षस उभा राहतो. एकटीनं मारून तो संपत नाही. ब्राह्मी, माहेश्वरी, कौमारी, वैष्णवी, वाराही, ऐंद्री, सगळ्या रणात उतरतात, चंडिका वार करते आणि चामुंडा जमिनीवर पडण्याआधी रक्त पिऊन टाकते. ऐहोळेला रावणफडी लेण्यात या मातृका दगडात उभ्या आहेत. आमची शाळेची सहल तिथं गेली होती तेव्हा मार्गदर्शकानं शंकराचं नृत्य दाखवलं आणि आम्ही डबे सोडायला बाहेर पळालो. त्या बायका तिथं होत्या हे मला पुढे कळलं.

या लीड्सचंच सांगते. १९७५ ते १९८० या काळात यॉर्कशरमध्ये आणि मँचेस्टरकडे एका माणसानं तेरा बायकांचे खून केले. पोलिसांचा बायकांना सल्ला होता, अंधार पडल्यावर बाहेर पडू नका. १२ नोव्हेंबर १९७७ च्या रात्री इथल्या बायका मशाली घेऊन रस्त्यावर उतरल्या. म्हणाल्या, रात्र आमचीही आहे, घरात बसायचं तर पुरुषांनी बसावं. त्या वेळी चालत गेलेल्या एक बाई आता आमच्या रस्त्याच्या टोकाला राहतात. कचऱ्याची बिन बाहेर काढायला मदत करते म्हणून मला ओळखतात. त्यांनी सांगितलं, त्या रात्री सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटली असेल, तर मशालीची. वाऱ्यानं केसांना लागेल म्हणून.

आता सरांचं कारण.

सरांचं दुखणं मला कळतं, हे त्यांनीही मान्य करावं. १९५६ मध्ये त्या दिवशी आमचा भाग म्हैसूर राज्यात, आताच्या कर्नाटकात गेला, तेव्हापासून आमच्या घरात १ नोव्हेंबर काळा दिवस म्हणूनच आला. वडील दंडाला काळी फीत बांधून फेरीला जात, आई त्या दिवशी गोड करत नसे. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीच्या विरोधात आंदोलन पेटलं, गोळीबारात माणसं गेली, तेव्हा मी सहा वर्षांची होते. तीन दिवस वडील घरी आले नव्हते. १९४६ मध्ये बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, हे मला कुठल्याही पाठ्यपुस्तकाआधी ओसरीवर कळलं. पुढे सीमाप्रश्नाचा खटला २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात गेला आणि तिथंच आहे. मराठी फलक खाली आलेले, उताऱ्यावर आपलंच नाव वाचता न आलेलं, हे सगळं सोसून ज्यांनी वाचनालय चालवलं त्यांना कानडी ओळ खुपणार. पण सर, ती ओळ त्या मुलींवर कुणी लादली नव्हती. ती गोष्टीतलं हत्यार आहे. काढली तर राक्षस मरत नाही.

आणि भूत आलं तेव्हा आपण काय केलं होतं, ते सर विसरलेत. मी विसरलेले नाही.

मी शाळेत असताना कर्नाटकभर अफवा उठली, की एक बाई रात्री दारावर येते, घरातल्या माणसाच्या आवाजात हाक मारते, दार उघडलं की माणूस संपला. उपाय एकच, दारावर ‘नाळे बा’ लिहायचं, उद्या ये. ती वाचते, माघारी जाते, दुसऱ्या रात्री पुन्हा वाचते. आमच्या गल्लीत ते लिहायला कुणाला येत होतं? आजीनं शेजारच्या कानडी वहिनींना बोलावलं. त्यांनी चुलीतल्या कोळशानं आमच्या दाराच्या डाव्या फळीवर, वर, हळदीच्या बोटांच्या शेजारी, गोल गोल अक्षरं काढली. वडील आत होते. ज्यांनी कानडी पाटी म्हणून कधी वाचली नाही, ते बाहेर आले, बघितलं आणि काही बोलले नाहीत. मी आजीला विचारलं, मराठीत का नाही लिहायचं? आजी म्हणाली, “भूत तिकडचं गे. त्याला मराठी वाचाया येत नसलं तर?” पुढची तीन घरं सोडून सरांचं घर होतं. तिथंही तीच अक्षरं होती, त्याच वहिनींच्या हातची.

तेव्हा त्या अक्षरांनी कुणाचं मराठीपण कमी झालं नाही. पुढच्या १ नोव्हेंबरला त्याच दारातून वडील काळी फीत बांधून बाहेर पडले.

इथपर्यंत मी ग्रुपवर लिहिलं होतं. पुढचं लिहिलेलं नाही.

१९९५ साली मी दहावीत होते. हायस्कूल साडेतीन किलोमीटरवर, एकाच आवारात मराठी आणि कन्नड माध्यमाचे वर्ग, आम्ही सातजणी जोडीनं चालत जायचो. चौघी मराठीच्या, तिघी कन्नडच्या. वाटेतल्या मोरीवर एक माणूस बसायला लागला. आधी नुसता बघायचा. मग सायकल आडवी घालायला लागला. एका सकाळी त्यानं माझी वेणी धरून मान मागे ओढली. आम्ही शाळेत सांगितलं. उत्तर मिळालं, बांधावरच्या वाटेनं या. पावसाळ्यात त्या वाटेवर पोटरीएवढा चिखल असतो, हे उत्तर देणाऱ्यालाही माहीत होतं.

कन्नड वर्गातली एक मुलगी माझ्या रोज शेजारून चालायची. ती म्हणाली, उद्या आपण मोरीवरूनच जायचं, सगळ्यांनी मिळून, प्रत्येकीनं कंपासपेटीतलं कर्कटक हातात धरायचं. मी गप्प राहिले तशी माझा हात दाबून म्हणाली, “हेदरब्याड, नाव अदीवि.” घाबरू नको, आम्ही आहोत.

दुसऱ्या दिवशी मी पोटात दुखतंय म्हणून झोपून राहिले. सहाजणी गेल्या. संध्याकाळी त्यांचा आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकू आला. तो माणूस त्यानंतर मोरीवर बसला नाही. ती आमच्या दारात थांबली, दप्तरातून भूमितीची वही काढून दिली आणि म्हणाली, “आज जे झालंय ते उतरून घे.” मराठी वर्गातून तिनं मागून आणली होती. तिच्या कर्कटकाचं टोक वाकलं होतं. मी ते बघितलं, तिनंही मला बघताना बघितलं. झालेलं तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. जूनमध्ये वडिलांनी मला अकरावीला बेळगावला आत्याकडे ठेवलं. मग पुणं, मग इकडे. एकोणीस वर्षं झाली.

या एकोणीस वर्षांत ही गोष्ट मी लीड्समध्ये कितीदा सांगितली असेल. कामावर, मराठी मंडळात, त्या टोकाच्या बाईंना. दर वेळी मी म्हणाले, आम्ही मुलींनी त्याला पळवून लावलं. आम्ही. लेकीलाही तशीच सांगितली, ती सहावीएवढी होती तेव्हा, आणि तिनं शाळेत त्यावर निबंध लिहून आणला.

म्हणून त्या तेवीस पानांत, चौदाव्या पानावर, कानडी मास्तरांची मुलगी कुंभाराच्या मुलीला तेच तीन शब्द म्हणते, तिथं मला पुढे वाचवेना. तेच शब्द सर काढायला सांगताहेत. कानडी आहेत म्हणून.

परवा रविवारी लेकीला ती गोष्ट वाचून दाखवायला घेतली. तिला मराठी कळतं, वाचता येत नाही. हा माझा दोष आहे, आणि मराठी वाचवण्यावर सरांशी वाद घालताना तो मला टोचतो. चौदाव्या पानावर ती म्हणाली, हे काय बोलली ती? मी अर्थ सांगितला. तिनं विचारलं, ‘आम्ही आहोत’ की ‘आपण आहोत’? एवढं मराठी तिला येतं. मी म्हटलं, कानडीत दोन्हीला ‘नाव’च म्हणतात, ज्याचं त्यानं समजायचं.

मग तिला मोरीवरची खरी गोष्ट सांगितली. पोटदुखीसकट.

“म्हणजे तू नव्हतीस.”

“नव्हते.”

ती बराच वेळ पाय वर घेऊन सोफ्यावर बसून राहिली. मग माझ्या हातातला फोन आपल्याकडे वळवला, तिला न येणारी अक्षरं बोटांनी मोठी केली आणि म्हणाली, पुढे वाच, भट्टीपर्यंत.