सरकारी आयटी, घरून काम आणि तो फॉरवर्ड

परवा सोसायटीच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड चौथ्यांदा आला: ‘सरकारी आयटीवाल्यांना घरून काम म्हणजे जनतेच्या पैशावर सुट्टी. नजरेआड काम होत नाही, सरकारचा रुपया वाचत नाही, डेटा फुटतो तो वेगळाच.’ मी फोर्टमधल्या एका सरकारी कार्यालयाच्या आयटी विभागात आहे, राहतो डोंबिवलीत. गप्प बसवेना.

नजरेआड? आमचं काम साहेबांच्या नजरेसमोर होतं कधी? सर्व्हर डेटा सेंटरमध्ये. फोर्टमध्ये बसूनही आम्ही लांबूनच लॉगिन करतो. पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरची दुरुस्ती, टाकायचा तो रात्री अकरानंतर, कोणी सिस्टीम वापरत नसताना. पूर्वी त्यासाठी ऑफिसात थांबायचो. काम दीडला संपायचं, शेवटची लोकल गेलेली. दोन खुर्च्या जोडून पहाटेपर्यंत आडवं व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी बदली रजा. दोन तासांच्या कामात अख्खा दिवस गेला! आता दीडला लॅपटॉप मिटतो, सकाळी दहाला पुन्हा तिकिटं, म्हणजे आलेल्या तक्रारी, बघायला बसतो. मस्टरवर यातलं काही दिसत नाही, सिस्टीमच्या नोंदींत, लॉगमध्ये, सगळं दिसतं.

‘रुपया वाचत नाही’ हे मात्र अर्धं खरं आहे. टेबलं अडवून ठेवली, एसी चालूच ठेवला, तर वाचणार काय? अमेरिकेच्या सरकारी लेखातपासणी संस्थेने 2023 साली 24 केंद्रीय खात्यांची मुख्यालयं तपासली, तेव्हा 17 खात्यांत जागेचा वापर सरासरी 25 टक्के किंवा त्याहून कमी निघाला. इमारतींचा खर्च सुरूच. हा दोष मजला न सोडणाऱ्यांचा.

आणि मोठा पैसा जागेत नाहीच, माणूस टिकण्यात आहे. चीनच्या ट्रिप डॉट कॉम या प्रवास कंपनीत 1,612 कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला, तो 2024 साली ‘नेचर’मध्ये छापून आला. आठवड्यातून दोन दिवस घरून काम दिल्यावर नोकरी सोडण्याचं प्रमाण तिसऱ्या हिश्शाने घटलं, कामगिरीत फरक पडला नाही. खासगी कंपनी आहे, कबूल. पण आमच्याकडे निम्मी मुलं कंत्राटी, पगारात बाहेरच्यांशी बरोबरी शक्य नाही. जुना कोड कळणारा एक पोरगा गेला की नवा तयार होईपर्यंत प्रत्येक किरकोळ बदलाला व्हेंडरचं बिल.

डेटाचं म्हणाल, तर आमच्या मजल्यावर पासवर्ड मॉनिटरलाच चिकटवलेले असतात.

हेल्पडेस्कची दोन माणसं ऑफिसात हवीतच. प्रिंटरचं कार्टरिज डोंबिवलीहून बदलता येत नाही.