मामांची बॅग आणि सात मुद्द्यांचा फॉरवर्ड

गेल्या आठवड्यात गोल्फ खेळताना मामा सातव्या टीच्या, म्हणजे सातव्या होलचा पहिला फटका मारायच्या जागेच्या, चढावर घसरून पडले. फार लागलं नाही. कोपर खरचटलं आणि पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखली. पण पडले तेव्हा त्यांच्या खांद्यावर बॅग होती. बॅग खांद्यावर होती कारण ती न्यायची चाकांची ट्रॉली घरी राहिली होती, आणि ट्रॉली घरी राहिली होती कारण त्यांना एक फॉरवर्ड आला होता. मामा सदुसष्ट वर्षांचे आहेत आणि चार वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.

तो फॉरवर्ड मलाही त्यांनीच पाठवला होता, वर "वाच आणि तूही सुरू कर" अशी आज्ञा जोडून. मग तोच मजकूर आणखी दोन-तीन ग्रुपांवर फिरताना दिसला. 'हिवाळ्यात ट्रॉली सोडा, बॅग उचला' असं त्याचं नाव. दावे सात. खरा गोल्फर बॅग स्वतः वाहतो, व्यावसायिक बघा. बॅग वाहिल्याने ट्रॉलीच्या दुप्पट कॅलरी जळतात. स्वीडनच्या संशोधनानुसार बॅग वाहणारे पाच वर्षं जास्त जगतात. साठीनंतर तर बॅग वाहावीच, कणा ताठ राहतो, आणि खांदा दुखला किंवा हाताला मुंग्या आल्या तर घाबरू नये, स्नायू तयार होताहेत. ट्रॉलीची चाकं गवत मारतात, पाय मारत नाहीत. ट्रॉलीची बॅटरी थंडीत फुटते. आणि बॅग वाहिली की अंग गरम राहून स्कोअर सुधारतो.

क्रमाने जाण्याइतका संयम माझ्याकडे नाही. मामांना ज्याने पाडलं त्या चौथ्या मुद्द्यापासूनच सुरू करतो.

"मुंग्या आल्या तर घाबरू नये." हे वाक्य ज्याने लिहिलं त्याला एकदा समोर बसवून विचारायला हवं की बाबा रे, स्नायू तयार होताना मुंग्या कधीपासून यायला लागल्या? व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी अंग ठणकतं, ते वेगळं. बोटांना मुंग्या येणं, हात बधिर होणं हे नस दाबली जात असल्याचं लक्षण असतं. मानेतून निघून खांद्यातून हातात जाणाऱ्या नसांचा जुडगा बॅगेचा पट्टा रुततो त्याच भागातून जातो. जड पाठपिशव्या वाहणाऱ्या सैनिकांमध्ये आणि गिर्यारोहकांमध्ये पट्ट्याखाली या नसा दाबल्या जाऊन हात लुळा पडल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत, त्याला 'रकसॅक पाल्सी' असं नावही आहे. गोल्फची बॅग त्यांच्या पिशव्यांएवढी जड नसते हे मान्य. पण मामांची बॅग जुनी, एकाच पट्ट्याची. सगळा भार उजव्या खांद्यावर, आणि तो तोलायला कंबर डावीकडे कललेली. दोन आठवडे त्यांच्या करंगळीला मुंग्या येत होत्या आणि ते खूश होते! फॉरवर्डमध्ये लिहिल्याप्रमाणेच होतंय म्हणून.

पडल्यानंतर मी ती बॅग सामान मोजायच्या हुकाच्या काट्याला टांगली. 11 किलो 400 ग्रॅम. मग जमिनीवर सगळं काढून ठेवलं. चौदा क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या. मोठी छत्री. रेनसूट, अजून ओला. ओला टॉवेल. लिटरभर पाण्याची बाटली. आणि चेंडू तेवीस. नियमाप्रमाणे गोल्फचा चेंडू 45.93 ग्रॅमपेक्षा जड असता कामा नये, म्हणजे तेवीस चेंडूंचं किलोभर ओझं हा माणूस गुडघ्याच्या ऑपरेशननंतर चढावर वाहत होता. "हिवाळ्यात चेंडू जास्त हरवतात," हे त्यावर त्यांचं उत्तर.

आता हिशोब करा. मामा एका फेरीत नव्वदच्या आसपास फटके मारतात. त्यातले पस्तीसेक 'पट', म्हणजे ग्रीनवर (खळग्याभोवतीच्या बारीक गवतावर) चेंडू हलकेच ढकलायचे फटके, सोडले तर पन्नासहून जास्त वेळा बॅग खाली ठेवायची आणि पुन्हा उचलायची, शिवाय प्रत्येक ग्रीनपाशी एकदा. सत्तर वेळा धरू. अकरा किलो सत्तर वेळा म्हणजे पाऊण टनाहून जास्त वजन एका फेरीत जमिनीवरून खांद्यावर. तेही वाकून, एका बाजूला वळून, थंडीने आखडलेल्या पाठीने. आणि बॅग टेकवली की लगेच कंबरेतून जोरात पीळ देऊन फटका मारायचा. हौशी गोल्फरांच्या दुखण्यांत कंबर सगळ्यात वरच्या नंबरांत असते, त्यात ही भर. शिवाय थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. साठी ओलांडलेल्या माणसाने अशा हवेत ओझं घेऊन चढ चढायचा की नाही, हे त्याच्या डॉक्टरने सांगावं. फॉरवर्डने नव्हे.

"साठीनंतर तर वाहावीच" यातला 'तर' मला सगळ्यात जास्त झोंबला. पंचविशीतल्या मुलाने दोन पट्ट्यांची हलकी बॅग पाठीवर घेऊन अठरा होल चालावं, मजेत चालावं, माझी काही हरकत नाही. पण हा मजकूर नेमका त्यांना गाठतोय ज्यांनी ट्रॉली कुठल्यातरी दुखण्यानंतर घेतली, आणि घेतल्याची ज्यांना आधीच थोडी लाज वाटते.

लाजेवरून पहिला मुद्दा. "व्यावसायिक बघा." बघितले. त्यांच्या बॅगा आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या आणि जड असतात, आणि त्या वाहतो कॅडी, म्हणजे खेळाडूचा मदतनीस! टीव्हीवर इतकी वर्षं स्पर्धा बघून हे कुणाच्या लक्षात येऊ नये? व्यावसायिकाचा कित्ताच गिरवायचा तर निष्कर्ष निघतो तो असा की खेळणाऱ्याने बॅगेला हात लावू नये.

कॅलरी आणि स्कोअर हे दोन मुद्दे एकाच अभ्यासाने निकालात निघतात, म्हणून एकत्र घेतो. अमेरिकेत डेन्व्हरच्या एका क्रीडाविज्ञान केंद्रात नील वोल्कोडॉफ या संशोधकाने 2008 साली हे प्रत्यक्ष मोजलं. आठ गोल्फर, चढउतारांचा कोर्स, नऊ होल, आणि तेच खेळाडू चार प्रकारे खेळले. बॅग वाहताना सरासरी 721 कॅलरी जळल्या. हाताने ढकलायच्या ट्रॉलीबरोबर 718. कॅडी असताना 613, आणि मैदानावरच्या गाडीत बसून 411. म्हणजे 'दुप्पट' म्हणतात तो फरक तीन कॅलरींचा आहे. तीन! झुडपात एक चेंडू शोधताना याहून जास्त जळत असतील. खरा फरक चालणं आणि गाडीत बसणं यांत आहे, आणि ट्रॉलीवाला चालतच असतो. उलट ओल्या, चिकट जमिनीवर ट्रॉली ढकलायला जोर जास्तच लागतो, तेव्हा घाम गाळायची हौस असलेल्यांनी निराश व्हायचं कारण नाही. विजेवर चालणारी ट्रॉली अर्थातच यात बसत नाही, तिथे ढकलण्याचे कष्ट वाचतात.

स्कोअर? गोल्फमध्ये फटके जितके कमी तितकं चांगलं. नऊ होलांना ट्रॉलीवाले सरासरी 40, कॅडीवाले 42, गाडीवाले 43, आणि बॅग वाहणारे 45. सगळ्यात शेवटी. माणसं आठच होती आणि अभ्यास हिवाळ्यातला म्हणून केलेला नव्हता, तेव्हा या आकड्यांवरून कुणी पाच फटके कमी होण्याची हमी देऊ नये. पण 'बॅग वाहिल्याने स्कोअर सुधारतो' म्हणणाऱ्याने आधी एवढ्या तरी आठ माणसांचं मोजमाप दाखवावं. चढ चढून धापा टाकत पटपर्यंत पोचल्यावर हात स्थिर राहत नाहीत, हे मोजायला तर प्रयोगशाळाही लागत नाही. अंग गरम राहतं हे खरं, पण टोपी, हातमोजे आणि भरभर चालणं यांनीही ते राहतं.

स्वीडनचं संशोधन खरं आहे. त्याच्या नावावर खपवलेली गोष्ट खोटी. कॅरोलिन्स्का संस्थेने तीन लाख स्वीडिश गोल्फरांच्या नोंदी तपासल्या आणि 2008 मध्ये सांगितलं की त्याच वयाच्या, त्याच लिंगाच्या आणि तशाच सामाजिक-आर्थिक स्थितीतल्या इतरांपेक्षा त्यांचा मृत्युदर 40 टक्क्यांनी कमी आहे, म्हणजे आयुष्य साधारण पाच वर्षांनी जास्त. तुलना गोल्फर आणि इतर यांच्यात होती. बॅग खांद्यावर होती की चाकांवर, हा प्रश्नच तिथे नव्हता. कुणीतरी 'गोल्फर' खोडून 'बॅग वाहणारे' लिहिलं आणि ढकललं पुढे.

आता गवत. इथे मला थोडं नमतं घ्यावं लागणार, आणि ते मी खुशीने घेत नाहीये.

पावसाळी हिवाळ्याच्या प्रदेशांत, ब्रिटन-आयर्लंडमध्ये वगैरे, कित्येक गोल्फ क्लब हिवाळ्यात काही दिवस ट्रॉलीला बंदी करतात. त्याला कारण आहे. चिकणमाती पाण्याने तुडुंब झाली की चाक तिच्यावरून सलग रेघ ओढत जातं, वरचा थर लिंपल्यासारखा बंद होतो आणि पाणी खाली मुरत नाही. माती दाबली गेली की तिच्यातली हवा निघून जाते, मुळं गुदमरतात. त्यात सगळ्या ट्रॉल्या बंकर (वाळूचा खड्डा) आणि ग्रीन यांच्यामधल्या त्याच अरुंद पट्ट्यातून जातात. वसंतापर्यंत तिथे गवत नसतं, वाट असते. तेव्हा मैदानाची निगा राखणाऱ्या ग्रीनकीपरने फळ्यावर 'आज ट्रॉली नाही' लिहिलं असेल तर आज ट्रॉली नाही. वाद नाही.

पण "पाय मारत नाहीत" हे कुठून आलं? बॅगेचं वजन खांद्यावर घेतलं म्हणून ते हवेत विरत नाही, ते बुटातूनच जमिनीत जातं. गारठ्याच्या सकाळी गवताच्या पेशींतलं पाणी गोठलेलं असतं. त्यावर पाऊल पडलं की पेशी फुटतात, आणि दोन-तीन दिवसांनी ग्रीनवर तपकिरी ठसे उमटतात, बुटाच्या आकाराचे. त्याहून वाईट म्हणजे बर्फ वितळण्याची वेळ. वरचा बोटभर थर मऊ झालेला, खालचा अजून दगड. त्यावर चाललं की वरचा थर सरकतो आणि मुळं मधूनच तुटतात. तेव्हा ट्रॉलीवाला आणि बॅगवाला दोघांनाही बाहेर ठेवतात, किंवा तात्पुरत्या ग्रीनवर खेळवतात. शत्रू ओल आणि गोठण आहे, कॅलेंडरवरचा हिवाळा नव्हे. जिथे हिवाळा कोरडा असतो तिथे या बंदीला काहीच अर्थ नाही. ओलसर जमिनीसाठी बारीक काट्यांची चाकंही मिळतात, ती सलग रेघ न ओढता टोचत जातात. पुष्कळ ठिकाणी हिवाळ्यात त्याच चाकांना परवानगी असते.

बॅटरीचा मुद्दा दोन ओळींत. थंडीत बॅटरी फुटत नाही, तिची ताकद तात्पुरती घटते, त्यामुळे नेहमीपेक्षा कमी होल चालते. लिथियमची बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नये, ती खराब होते. म्हणून खेळून आल्यावर घरात आणावी, कोमट होऊ द्यावी, मग लावावी. झालं.

राहिला प्रश्न बंदीच्या दिवसाचा, आणि मामांचाही खरा प्रश्न तोच होता. ट्रॉली नाही, गुडघा नाजूक, मग घरी बसायचं? फॉरवर्डने यावर एक अक्षर लिहिलेलं नाही, उलट 'नियमाप्रमाणे चौदा क्लब बाळगावेत' असं मध्येच घुसडलंय. नियम जास्तीत जास्त चौदाचा आहे. अमेरिकेत 1938 पासून, ब्रिटनमध्ये नियम ठरवणाऱ्या आर अँड ए या संस्थेने 1939 मध्ये आणला. कमीत कमी किती, याला नियमच नाही. आणि चिक इव्हान्स या अमेरिकन गोल्फरने 1916 साली अमेरिकन ओपन जिंकलं ते सात क्लब घेऊन.

म्हणून मी मामांना सांगितलं, बंदीच्या दिवशी सातच घ्या. दोन पट्ट्यांची छोटी बॅग घ्या, सहा चेंडू पुरे, नऊ होल खेळा, आणि सातव्या टीला चढाची वाट सोडून लांबून वळसा घाला. बाकीच्या दिवशी ट्रॉली, आणि ती ओढायची नाही, ढकलायची. ओढताना खांदा मागे पिरगळतो.

काल संध्याकाळी बसून आम्ही क्लब निवडले. जमिनीवर चौदाही मांडले होते. ड्रायव्हर राहिला, पटर राहिला, सात नंबर, नऊ नंबर, वेज, एक हायब्रिड. सहा झाले. सातव्यासाठी मी पाच नंबरची आयर्न पुढे केली, मामांनी ती बाजूला सारून चार नंबरची उचलली. गेल्या तीन वर्षांत त्यांनी ती एकदाही नीट मारलेली नाही. "असू दे," म्हणाले, "तेवढ्याने काय वजन वाढतंय."