मेट्स पैशामुळे नाही, पिचिंगमुळे हरले

न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी ग्रुपवर सप्टेंबर २०२५ पासून एक मेसेज फिरत होता आणि मी मेट्सचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या बेसबॉल टीमचा, फॅन म्हणून तो चौघांनी मला वेगळा पण पाठवला. त्याचं म्हणणं असं की भरमसाट पैसे मिळाले की प्लेअर अंग चोरून खेळतात, मेट्स बघा. पैशाने ट्रॉफी येत नाही. त्यापेक्षा कमी खर्चाच्या टीम बऱ्या. मला यातलं एकही पटत नाही.

अंग चोरण्याचं आधी घेतो, कारण त्याचा मला जास्त राग आहे. हुआन सोटोला १५ वर्षांचं ७६.५ कोटी डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं आणि पैसे पक्के झाल्यावर पहिल्याच सीझनला त्याने ४३ होमरन (क्रिकेटमधल्या सिक्ससारखे) मारले, त्याच्या करिअरमधले सगळ्यात जास्त. बरं होमरनचं सोडा, बेस चोरायचा, म्हणजे पिचर बॉल टाकत असतानाच पुढचा बेस गाठायचा, तर जीव तोडून पळायचं, मातीत पोटावर झोकून द्यायचं, बोट मोडायची भीती वेगळीच, आणि ज्या माणसाने आधी कुठल्याच सीझनला १२ च्या वर बेस चोरले नव्हते त्याने ३८ चोरले. आमच्याच लिंडोरचे ३१ होमरन आणि ३१ बेस, अलोन्सोचे ३८ होमरन. यांना आळशी कसं म्हणता?

हरलो, प्लेऑफ (सीझननंतरची बाद फेरी) हुकली, ते पिचिंगमुळे, म्हणजे बॉल टाकणाऱ्यांमुळे. १२ जूनला आमचा रेकॉर्ड ४५-२४ होता, सगळ्या लीगमध्ये एक नंबर. त्याच मॅचमध्ये आमचा पिचर कोडाई सेंगा फर्स्ट बेस कव्हर करायला पळाला, थ्रो उंच आला, त्याने उडी मारली आणि मांडी धरून खाली बसला. तोपर्यंत तो नऊ इनिंगमागे दीड रनसुद्धा देत नव्हता. त्या दिवसानंतर आम्ही ३८ जिंकलो आणि ५५ हरलो. साडेसात कोटींचा पिचर मनाया जुलैपर्यंत उभाच राहिला नव्हता, ३.४ कोटींचा मोंटास आला तोच उशिरा आणि मग कोपराच्या ऑपरेशनला गेला, सीझनभरात चाळीसच्या वर पिचर वापरावे लागले. बॅटिंगला पैसा ओतला आणि पिचिंगला जुगार खेळला, हा मॅनेजमेंटचा दोष आहे आणि त्यावर हवं तेवढं बोला, मीही बोलतो.

२८ सप्टेंबरला मायामीत शेवटची मॅच. आमच्याशी शर्यतीत असलेली सिनसिनाटी त्याच दिवशी हरली, म्हणजे आम्ही नुसते जिंकलो असतो तरी प्लेऑफमध्ये होतो. चार रन मागे, पाचवी इनिंग, तिन्ही बेसवर माणसं, अलोन्सोने असा सणसणीत मारला की मी सोफ्यावरून उठलोच, आणि बॉल सरळ लेफ्ट फील्डरच्या ग्लोव्हमध्ये. ४-० ने गेलो. दोन हात इकडेतिकडे गेला असता तर हा मेसेज फिरलाच नसता.

आता पैशाने ट्रॉफी येत नाही हे. २०२३ चे मेट्स म्हणाल तर कबूल, ३८ वर्षांचा शर्झर आणि ४० वर्षांचा व्हर्लँडर, दोघेही पिचर, दोघांना वर्षाला प्रत्येकी ४.३३ कोटी, आणि ऑगस्ट लागेपर्यंत दोघांनाही दुसऱ्या टीमला ट्रेड करून पगारातला मोठा वाटा आपणच भरत बसलो, ७५-८७. पण ते जुन्या पराक्रमाचे पैसे होते. शर्झर गेला टेक्सासला आणि त्याच वर्षी टेक्सासने वर्ल्ड सिरीज, म्हणजे फायनल, जिंकली, सिरीजचा एमव्हीपी (सर्वोत्तम प्लेअर) कोरी सीगर, ज्याला त्यांनी ३२.५ कोटी देऊन आणलेला! लॉस एंजेलिसचे डॉजर्स तर इतका खर्च करून २०२४ आणि २०२५ लागोपाठ जिंकले. फरक एवढाच की ते स्वतःचे प्लेअरही घडवतात, सातव्या मॅचच्या अकराव्या इनिंगला होमरन मारणारा विल स्मिथ त्यांनीच ड्राफ्टमध्ये (नव्या प्लेअरच्या निवडीत) घेतलेला.

राहिलं कमी खर्चाचं. मिलवॉकीने २०२५ ला ९७ मॅच जिंकल्या, लीगमध्ये सगळ्यात जास्त, मनापासून कौतुक आहे. मग डॉजर्स समोर आले आणि ४-० ने साफ, चौथ्या मॅचला ७० कोटींच्या ओतानीने सहा इनिंग टाकून एक रन दिला नाही, दहा जणांना स्ट्राइकआउट (बॉल टाकूनच बाद) केलं आणि वर स्वतः तीन होमरन मारले. मिलवॉकी ब्रूअर्सनी आजवर एकही वर्ल्ड सिरीज जिंकलेली नाही, तशाच कमी खर्चाच्या टँपाने पण नाही. आम्ही १९८६ नंतर जिंकलेलो नाही तरी एवढा जीव जळतो, तिकडच्या फॅनला जाऊन विचारा की मालकाने हात आखडता घेतलेला बरा वाटतो का.