सतरा क्रमांकाचे लेणे आणि दिल्लीतील दोन चित्रे

सिल्लोड तालुक्यातील एका शाळेत मी गेली एकोणीस वर्षे चित्रकला शिकवतो. यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत सचखंड एक्सप्रेसने दिल्लीला गेलो आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात सलग दोन दिवस घालवले. तेव्हापासून मनात घोळत असलेली, अजिंठा आणि आधुनिक भारतीय चित्रकला यांच्या नात्याची एक गोष्ट आपल्या भागातील लोकांसमोर मांडावी, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

इंडिया गेटजवळील जयपूर हाऊस या जुन्या राजवाड्यात हे संग्रहालय १९५४ साली सुरू झाले. आज त्याच्या संग्रहात हजारो कलाकृती आहेत. मी मात्र मुख्यतः चित्रकर्त्या अमृता शेर-गिल यांच्या चित्रांसाठी गेलो होतो, कारण ‘वधूचा शृंगार’ आणि ‘ब्रह्मचारी’ ही त्यांची १९३७ सालची दोन चित्रे मी आजवर केवळ छापील पानावर पाहिली होती. ‘वधूचा शृंगार’समोर उभा राहिलो आणि पहिल्याच क्षणी आठवले ते अजिंठ्याचे सतरा क्रमांकाचे लेणे.

त्या लेण्यात आरसा हातात घेऊन शृंगार करणारी राजकन्या आहे. शरीराला हलकासा बाक, बाजूला दासी, आणि सारे लक्ष आरशातील स्वतःच्या चेहऱ्याकडे. दिल्लीतील चित्रात मध्यभागी गोऱ्या अंगाची नववधू बसली आहे, सभोवती सावळ्या स्त्रिया आहेत आणि त्यांतील एक तिचे केस आवरते आहे. विषय एकच आहे, पण मला खिळवून ठेवले ते विषयाने नव्हे. अंगाची गोलाई सावलीच्या गडद पट्ट्यांनी न दाखवता बाह्यरेषेने आणि रंगाच्या सपाट, उबदार थराने दाखवण्याची रीत दोन्हीकडे आहे. तपकिरी रंगाच्या किती छटा एका चित्रात शेजारी शेजारी नांदू शकतात, हे अजिंठ्याच्या चित्रकाराला गेरू आणि पिवळ्या मातीतून उमगले होते. पॅरिसमध्ये तैलचित्रण शिकलेल्या या तरुण चित्रकर्तीने तेच आपल्या रंगपाटीवर नव्याने शोधले.

हे साम्य केवळ माझ्या मनाचा खेळ नाही. १९३६-३७ च्या हिवाळ्यात अमृता शेर-गिल अजिंठा-वेरूळला आल्या होत्या आणि तेथून पुढे दक्षिणेत गेल्या. आपला हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्या प्रवासानंतर त्यांची चित्रे बदलली, आणि ही दोन चित्रे त्याच बदलाची आहेत. त्या वेळी त्यांचे वय जेमतेम चोवीस होते. पुढे १९४१ साली अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी लाहोरला त्यांचे निधन झाले. त्यांची चित्रे आज राष्ट्रीय ठेवा मानली जातात.

त्याच संग्रहात बंगालचे चित्रकार नंदलाल बोस यांचीही चित्रे आहेत. तेही तरुणपणी, १९०९ ते १९११ च्या सुमारास ब्रिटिश चित्रकर्त्या लेडी हेरिंगहॅम यांच्या मोहिमेत, अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करण्यासाठी आपल्याकडे राहिले होते. लेण्यांतील अंधुक उजेडात रेषेमागून रेष गिरवताना हातात जे भिनले, ते त्यांच्या पुढच्या साऱ्या कामात उतरले असे मला मनापासून वाटते. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेस अधिवेशनासाठी त्यांनी रंगवलेली भित्तिफलके पाहावीत. ढोल वाजवणारा, सूत कातणारी, कुस्ती खेळणारे मल्ल अशी साधी माणसे त्यांत आहेत, पण त्यांची रेषा भरदार आणि वळणदार आहे. (ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या अजिंठ्याच्या बहुतेक प्रती १८६६ साली लंडनच्या आगीत जळाल्या, हे वाचले की आजही जीव हळहळतो.)

तेव्हा माझे म्हणणे असे आहे. आधुनिक भारतीय चित्रकलेचा एक मोठा झरा आपल्या वाघूर नदीच्या काठी उगम पावला, आणि त्याचे पाणी मात्र आपल्या मुलांना दिल्लीला जाऊन पाहावे लागते. संग्रहालयाच्या शाखा १९९६ साली मुंबईत आणि २००९ साली बंगळुरूत उघडल्या, याचा मला आनंदच आहे. परंतु ज्या भूमीने या चित्रकारांना नजर दिली, त्या मराठवाड्यात ही चित्रे काही काळासाठी तरी यायला हवीत. तैलचित्रांना तापमान, आर्द्रता आणि सुरक्षितता यांची काटेकोर व्यवस्था लागते, याची मला जाणीव आहे; म्हणूनच छत्रपती संभाजीनगरात असे एक दालन शासनाने उभारावे, अशी माझी पहिली मागणी आहे. ते होईपर्यंत निदान मूळ आकारातील उत्तम प्रतींचे फिरते प्रदर्शन तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचवता येईल.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना बसणारी आमची मुले स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र मन लावून सोडवतात, पण खऱ्या चित्रासमोर उभे राहण्याचा प्रसंग त्यांच्या वाट्याला येत नाही. परतल्यावर मी दोन्ही चित्रांच्या मोठ्या छापील प्रती फळ्यावर लावल्या, शेजारी अजिंठ्याची राजकन्या लावली आणि काहीही न सांगता वर्गाला पाहू दिले. आठवीतील एक मुलगी बराच वेळ पाहत होती. मग पुढे येऊन तिने राजकन्येच्या खांद्यावरून कोपरापर्यंत हवेतच बोट फिरवले, तसेच नववधूच्या हातावरूनही फिरवले आणि म्हणाली, “सर, ही रेष तीच आहे.”

येत्या दिवाळीच्या सुट्टीत अकरा विद्यार्थी आणि त्यांच्यापैकी काहींचे पालक यांना घेऊन मी पुन्हा दिल्लीला जाणार आहे. त्याआधी एक संपूर्ण दिवस आम्ही सतरा क्रमांकाच्या लेण्यात काढू.