चार अक्षरांत स्वभाव मावत नाही

गेले काही महिने एक मेसेज फिरतोय. आधी पालकांच्या ग्रुपवर आला, मग आमच्या सोसायटीच्या. मजकूर थोडक्यात असा: 'मानसशास्त्राने सिद्ध केलं आहे की जगात माणसं सोळाच प्रकारची असतात. दहा मिनिटांची टेस्ट द्या, चार अक्षरं मिळतील. वर्णन तंतोतंत जुळेल. प्रकार जन्मजात असतो, बदलत नाही. करिअर आणि जोडीदार त्यावरूनच निवडा.' मी अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवते. यातलं एकेक वाक्य मुलं माझ्याच विषयाच्या नावाने मला ऐकवतात, म्हणून लिहिते आहे.

'मानसशास्त्राने सिद्ध केलं.' ही टेस्ट म्हणजे मायर्स-ब्रिग्ज. कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स यांनी ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रचायला घेतली. दोघी हुशार आणि चिकाटीच्या, पण मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण दोघींनीही घेतलेलं नव्हतं. आधार होता स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्या १९२१ सालच्या पुस्तकाचा. युंगनी ते प्रकार रुग्णांना पाहून-ऐकून मांडले होते, मोजून नव्हे. शिवाय धड अंतर्मुख नाहीत आणि धड बहिर्मुखही नाहीत अशांचाच गट सगळ्यांत मोठा, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. मेसेजमधून नेमकं तेवढंच गळलंय.

'सोळा प्रकार.' खरी गडबड इथे आहे. प्रत्येक अक्षर म्हणजे एका जोडीतली एक बाजू: अंतर्मुख असाल तर 'आय', बहिर्मुख असाल तर 'ई'. अशा चार जोड्या, म्हणून सोळा प्रकार. वर्गातल्या मुलांची उंची मोजा. बरीचशी मुलं मधल्या उंचीची निघतील, अगदी ठेंगणी आणि ताडमाड मोजकीच. आता पाच फूट चार इंचांवर रेघ मारा. वरचे 'उंच', खालचे 'बुटके'. रेघेच्या अर्धा इंच अलीकडचा आणि अर्धा इंच पलीकडचा, एकमेकांचे शर्ट घालू शकतील असे दोघे वेगळ्या प्रकारचे ठरले. साडेपाच फुटांचा आणि सव्वासहा फुटांचा मात्र एकाच प्रकारात! स्वभावाचे गुण असेच पसरलेले असतात. म्हणून तर काही आठवड्यांनी तीच टेस्ट पुन्हा दिली की कित्येकांचं एखादं तरी अक्षर बदलतं. माणूस तोच असतो, दोन-चार उत्तरं इकडची तिकडे झालेली असतात.

मग मानसशास्त्रज्ञ मोजतात तरी कसं? सुरुवात शब्दकोशापासून झाली. माणसांना एकमेकांचं जे वागणं महत्त्वाचं वाटतं, त्याला भाषेत शब्द तयार होतो, अशी ही कल्पना. १९३६ साली ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांनी वेबस्टरच्या इंग्रजी कोशातून माणसाचं वर्णन करणारे सुमारे १८,००० शब्द वेचले. त्यातले साडेचार हजारांच्या आसपास टिकाऊ गुण सांगणारे होते. मराठीत हे करायला घेतलं तर काय बहार येईल! भिडस्त, तुसडा, धांदरट, खमक्या, माणूसघाणा, आतल्या गाठीचा. एकेका शब्दात अख्खा माणूस उभा राहतो.

पुढच्या संशोधकांनी लोकांना अशा शब्दांवर स्वतःला आणि ओळखीच्यांना गुण द्यायला सांगितले आणि कोणते शब्द जोडीने वरखाली होतात ते गणिताने तपासलं. ज्याला 'टापटीप'वर जास्त गुण, त्याला 'वक्तशीर'वरही बहुधा जास्त, 'विसराळू'वर कमी. असं करता करता पाच मोठे गट पुन्हा पुन्हा हाती लागले: नव्याची ओढ, शिस्त आणि जबाबदारी, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि भावनिक अस्थिरता. यातला शेवटचा, म्हणजे चिंता, चिडचिड, मन लवकर ढवळून निघणं, हा त्या चार अक्षरांत मुळी नाहीच.

हे पाच गुण मोजणाऱ्या, कोस्टा आणि मॅक्रे या मानसशास्त्रज्ञांच्या १९९२ सालच्या प्रश्नावलीत २४० विधानं आहेत. चांगल्या प्रश्नावलीत एकच गुण उलटसुलट विचारलेला असतो: एका ठिकाणी 'मी हातातलं काम पुरं करतो', दुसरीकडे 'मी कामं उद्यावर ढकलतो'. सगळ्यालाच 'हो' म्हणत सुटणारा तिथे सापडतो. उत्तरही हो किंवा नाही असं नसतं, 'अजिबात नाही' ते 'अगदी खरं' अशा पाच पायऱ्या असतात. निकालात प्रकार मिळत नाही, प्रत्येक गुणात तुम्ही इतरांच्या तुलनेत कुठे आहात ते कळतं. हे पाच गटही दगडावरची रेघ नव्हेत. दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हियातल्या त्सिमाने या आदिवासी लोकांत ते नीट सापडले नाहीत, हे २०१३ साली प्रसिद्ध झालं.

'वर्णन तंतोतंत जुळतं.' जुळणारच. १९४८ साली मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'त्याचं' वर्णन दिलं. विद्यार्थ्यांनी त्याला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वर्णन सगळ्यांना एकच होतं, ज्योतिषाच्या पुस्तकातल्या वाक्यांनी जुळवलेलं.

'जन्मजात, बदलत नाही.' या वाक्याचा मला सगळ्यांत जास्त राग आहे. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं की माणसामाणसांतल्या स्वभावाच्या फरकांपैकी साधारण ४० ते ५० टक्के वाटा आनुवंशिक असतो. उरलेला नसतो. २००६ साली रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं माणसांचा माग घेणारे ९२ अभ्यास एकत्र पाहिले. शिस्त आणि भावनिक स्थैर्य वयाबरोबर वाढतं, आणि विशीपासून चाळिशीपर्यंत ते ठळक दिसतं. आणि माझ्या वर्गातली सतरा वर्षांची मुलगी मला येऊन सांगते, "मॅडम, माझं नाव सेमिनारमधून काढा. मी आय टाइप आहे, मला बोलणं जमणारच नाही." तिने फोन पुढे केला. स्क्रीनवर अंतर्मुख ५४ टक्के, बहिर्मुख ४६.

करिअर आणि लग्नाबद्दल एवढंच: या टेस्टचे प्रकाशकच सांगतात की नोकरीसाठी उमेदवार निवडायला ती वापरू नका. मग साथीदार कसले निवडता!

त्या मुलीला मी त्या ५४ आणि ४६ वर बोट ठेवून विचारलं, यात 'जमणारच नाही' कुठे लिहिलंय? ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. यादीत तिचं नाव तसंच ठेवलंय, फक्त पहिल्यावरून चौथ्या नंबरवर नेलंय. गुरुवारी ती बोलणार आहे.