सरकार टिकणे आणि शब्द टिकणे
स्थिर सरकार असेल तरच जग एखाद्या देशाच्या शब्दावर विश्वास ठेवते, हे प्रतिपादन एका लेखात वाचले; ते मला अर्धेच पटले. गंगेच्या पाणीवाटपाचा बांगलादेशाशी ३० वर्षांचा करार डिसेंबर १९९६ मध्ये देवेगौडा यांच्या आघाडी सरकारने केला. ते सरकार पुढच्या एप्रिलमध्येच पडले, तरी नंतरच्या गुजराल, वाजपेयी आणि मनमोहन सिंग यांच्या सरकारांनी तो करार मोडला नाही. याउलट अमेरिकेत अध्यक्षाची चार वर्षांची मुदत ठरलेली असते, तरीही २०१५ च्या इराण अणुकरारातून ती मे २०१८ मध्ये बाहेर पडली, कारण सिनेटची मंजुरी न घेता झालेला तो करार पुढच्या अध्यक्षाला एका सहीने सोडता आला. पॅरिस हवामान कराराबाबतचे तिचे जाणे-येणे तर सर्वांनी पाहिलेच आहे.

आम्हा नाशिककरांना हे कांद्यावरून अधिक लवकर समजते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रात भक्कम बहुमताचे सरकार होते, आणि तरीही एका अधिसूचनेने कांद्याची निर्यात थांबली. परदेशी खरेदीदाराला दिलेला शब्द पाळणे मग लासलगावच्या व्यापाऱ्याच्या हातात उरले नाही.